मोहल्ला समिती आणि बंदूक : ठाणे, भिवंडी, कल्याण परिसरातील एका प्रयोगाचा इतिहास

ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये अस्तित्वात आले, तेव्हा एकमेकांशी फारसे साम्य नसलेली अनेक नगरे एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आली. त्यांत ठाण्यासारखे जुने जिल्ह्याचे ठिकाण होते, कल्याणसारखे प्राचीन बंदर होते, डोंबिवलीसारखी चाकरमान्यांची वस्ती होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर होते आणि यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रंदिवस जागे असणारी भिवंडीही होती. आयुक्तालय म्हणजे अशी शहरी पोलीस व्यवस्था, जिच्यात शस्त्रपरवाना देणे, मिरवणुकीचा मार्ग ठरवणे, जमावबंदीचे आदेश काढणे असे एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे असणारे काही अधिकार पोलीस आयुक्तांकडे येतात. या परिसरातील गोळीबाराचा इतिहास पाहू गेल्यास बंदूक तीन वेगवेगळ्या हातांत दिसते. दंगल आवरण्यासाठी तैनात केलेल्या पोलिसाच्या हाती ती आहे, खंडणीखोर टोळीच्या हस्तकाच्या हाती आहे आणि जमिनीच्या व्यवहारातून वर आलेल्या, राजकीय वजन असलेल्या माणसाच्या हातीही आहे. पोलीस आणि नागरिक यांच्यातील सहकार्याने यांपैकी पहिली बंदूक बऱ्याच अंशी शांत केली. उरलेल्या दोहोंपुढे मात्र ते सहकार्य जवळजवळ निरुपयोगी ठरले. या तफावतीची कारणे स्थानिक इतिहासातच शोधावी लागतात.

सामान्य माणसाच्या घरात बंदूक नसणे ही या प्रदेशात वसाहतकाळापासून चालत आलेली स्थिती आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले आणि स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या कायद्यानेही तोच पाया कायम ठेवला. शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरावयाची जुनी बंदूक, परवान्यावर मिळू शकत असे, आणि शहापूर-मुरबाडकडच्या रानडुकरांनी त्रासलेल्या गावांत ती तुरळक दिसेही. गावातील बंदोबस्त पाटील आणि त्याच्या हाताखालचे वतनी चाकर पाहत. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने ही जुनी रीत कागदावर आणली, तर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने वंशपरंपरा बाजूला सारून पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद केले. गावातील तंटा, परका माणूस, चोरीचा माल यांची खबर पोलीस ठाण्यापर्यंत पोचवणारा हा दुवा सदोष होता, जातीच्या उतरंडीत रुतलेला होता, तरीही तो दुवा होता. गावाचे शहर झाले की तो गळून पडे आणि त्याच्या जागी शहराच्या वाट्याला दुसरे काहीही येत नसे. भिवंडीचे पुढचे प्रकरण समजून घेताना ही रिकामी जागा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल उसळली आणि लगोलग तिचे पडसाद जळगाव व महाड येथे उमटले. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने आपल्या प्रदीर्घ अहवालात मिरवणूक काढणाऱ्या संघटनांच्या चिथावणीखोर वर्तनाची नोंद केलीच. शिवाय दंगलीनंतर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकाच्या पक्षपातावरही कठोर ताशेरे ओढले. एका समाजाच्या दृष्टीने पोलीस हा तटस्थ पंच राहिलेला नाही, तो समोरच्या बाजूचा खेळाडू झाला आहे, असा या ताशेऱ्यांचा अर्थ होता. त्यानंतर चौदा वर्षांनी, १७ मे १९८४ रोजी, दंगल पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून २७८ माणसे मरण पावली आणि अकराशेहून अधिक जखमी झाली. दोन्ही वेळी शहरात शांतता समित्या होत्या. शांतता समिती म्हणजे सण-उत्सवाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी प्रतिष्ठितांची बैठक. तिला माजी नगराध्यक्ष येत, कारखानदार येत, दोन्ही धर्मांचे पुढारी येत, चहापान होई, ऐक्याची भाषणे होत आणि मंडळी घरी जात. दंगल ज्या गल्लीत पेटे, त्या गल्लीतला एकही माणूस या बैठकीला बोलावलेला नसे.

या त्रुटीवर नेमके बोट ठेवले ते १९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी. दोन दंगलींची कागदपत्रे अभ्यासून त्यांनी काढलेला निष्कर्ष वरकरणी साधा होता. पोलीस आणि नागरिक यांची गाठ पडते ती एक तर गुन्हा घडल्यावर किंवा लाठी चालवताना. त्यामुळे पोलिसाला वस्ती कळत नाही आणि वस्तीला पोलीस कळत नाही, आणि ज्या दिवशी अफवा पसरते त्या दिवशी दोघांपाशीही भीतीखेरीज दुसरे काही उरत नाही. यावर उपाय म्हणून शहराचे लहान लहान भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन करण्यात आल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान रहिवासी साधारण समप्रमाणात घेतले गेले आणि भर नामवंत पुढाऱ्यांपेक्षा सर्वसामान्यांवर दिला गेला. पोलीस दलाच्या बाजूने समितीची जबाबदारी कनिष्ठ अधिकारी व शिपाई यांच्यावर टाकण्यात आली. या शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेक अभ्यासक ओझरते पाहतात, पण कदाचित तोच सर्वांत महत्त्वाचा असावा, कारण आपल्याकडे पोलीस सुधारणेचे प्रयोग वरिष्ठांच्या दालनात जन्मतात आणि शिपायापर्यंत पोचेतो त्यांचे परिपत्रक झालेले असते.

समित्यांच्या बैठकांत ऐक्याची भाषणे कमी आणि गल्लीतले किरकोळ तंटे अधिक असत, आणि हेच त्यांचे बळ होते. नळावरचे भांडण, रस्त्यात लावलेली गाडी, मुलींची छेड काढणारे टोळके, मिरवणुकीत कोणत्या कोपऱ्यावर वाद्ये थांबवायची याचा वाद, असे प्रश्न एकाच धर्माचे नसतात, आणि ते सोडवताना शेजाऱ्याचे नाव, त्याचा स्वभाव आणि त्याच्या घरची माणसे ठाऊक होतात. समितीचा सदस्य एरवी पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरे. तो आता हवालदाराला नावाने ओळखू लागला, आणि त्या हवालदारालाही एखाद्या गल्लीतला तापट तरुण कोण आणि त्याला आवरू शकणारा वडीलधारा कोण हे कळू लागले. पोलिसांची माहिती मिळवण्याची रूढ पद्धत खबऱ्यांवर, म्हणजे पैशाच्या किंवा सवलतीच्या मोबदल्यात गुप्तपणे बातमी देणाऱ्या माणसांवर, अवलंबून असते. मोहल्ला समितीने तिला उघड माहितीची जोड दिली. खबऱ्याची बातमी एकाच माणसाची असते आणि तिच्यात त्याचा स्वार्थ मिसळलेला असतो; समितीतली बातमी मात्र दोन्ही समाजांच्या माणसांसमोर मांडली जात असल्याने तिथल्या तिथे पारखून घेता येई.

या साऱ्याचा बंदुकीशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. जमाव हटवताना आधी इशारा, मग लाठीमार किंवा अश्रुधूर आणि अगदी अखेरीस गोळीबार, असा क्रम पोलिसांना घालून दिलेला असतो आणि प्रत्येक पायरीवर कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन असते. प्रत्यक्षात अरुंद बोळाच्या तोंडाशी सापडलेल्या, जमाव किती आहे आणि कोणाचा आहे याची कल्पना नसलेल्या पाच-सात शिपायांच्या तुकडीपुढे हा क्रम काही क्षणांत संपून जातो. त्या काळातील महाराष्ट्र पोलिसांचे नेहमीचे शस्त्र म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’ रायफल. मूळची रणांगणासाठी घडवलेली ही बंदूक शेकडो मीटर अंतरावरचा शत्रू टिपण्यासाठी होती. तिची गोळी एका माणसाच्या शरीरातून आरपार जाऊन मागच्या दुसऱ्याला लागू शकते. यंत्रमागाचे पत्र्याचे कारखाने आणि त्यांना चिकटून असलेल्या कामगारांच्या खोल्या अशा दाट वस्तीत तिचा वापर म्हणजे दंगलखोर आणि बघे यांच्यात भेद न करणारी शिक्षाच होय. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने मृत्यूंची जी वर्गवारी दिली, ती या संदर्भात डोळे उघडणारी आहे. ९०० मृतांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीने गेले, ३४७ भोसकले गेले आणि खाजगी व्यक्तींच्या गोळीबारात २२ मरण पावले. म्हणजे त्या दंगलीत गोळीने मेलेल्या माणसांपैकी फार मोठा भाग सरकारी बंदुकीने मेला होता. अमेरिकेतील शहरांत बंदुकीचा हिंसाचार म्हटले की रस्त्यावरच्या तरुणाच्या हातातले पिस्तूल आठवते. दंगलग्रस्त महाराष्ट्रात तो शब्द उच्चारताना आधी शिपायाच्या खांद्यावरची रायफल आठवली पाहिजे. साहजिकच, गोळीबाराचा आदेश द्यावाच लागणार नाही अशी स्थिती आधीच निर्माण करणारी कोणतीही व्यवस्था ही बंदुकीचा हिंसाचार कमी करणारी व्यवस्था ठरते.

भिवंडीची परीक्षा ६ डिसेंबर १९९२ नंतर झाली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती आणि त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे जाळे मोडले नव्हते. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत जळत असताना, तिच्यापासून पन्नास किलोमीटरच्याही आत असलेली आणि दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संघर्षावरील आपल्या २००२ च्या ग्रंथात या उदाहरणाची आवर्जून दखल घेतली, कारण त्यांच्या मांडणीनुसार दोन समाजांना जोडणाऱ्या नागरी संघटना ज्या शहरात असतात तेथे दंगली रोखल्या जातात, आणि भिवंडीत अशी संघटना लोकांनी नव्हे तर पोलिसांनी उभारली होती. खोपडे यांनीही पुढे या अनुभवावर मराठीत पुस्तक लिहिले. यावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की, भिवंडीतली शांतता ही व्यापाराची देणगी होती. सूत पुरवणारा हिंदू व्यापारी, माग चालवणारा मोमीन विणकर आणि पद्मानगरचा तेलुगू पद्मशाली हे एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, त्यामुळे ते भांडले नाहीत. हा आक्षेप टिकत नाही. सूत आणि माग यांचे हेच नाते १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही होते, आणि दोन्ही वेळा ते दंगल थोपवू शकले नाही. १९८४ आणि १९९२ यांच्या दरम्यान भिवंडीत नव्याने आलेली ठळक गोष्ट म्हणजे मोहल्ला समित्या. त्यांनीच सर्व काही केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यांना वगळून त्या शांततेचा उलगडा होत नाही.

मुंबईने हा धडा जळल्यानंतर घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेतील बॉस्टन शहरात ‘ऑपरेशन सीझफायर’ नावाचा प्रयोग १९९६ मध्ये सुरू झाला. त्यात पोलीस, कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि समाजसेवक यांनी टोळ्यांतील तरुणांना एकत्र बोलावून, गोळी चालली तर संपूर्ण टोळीवर कारवाई होईल आणि हा मार्ग सोडणाऱ्याला रोजगार व मदत मिळेल, असे तोंडावर सांगितले. तरुणांच्या हत्यांचे मासिक प्रमाण त्यानंतर ६३ टक्क्यांनी घटल्याचे मूल्यमापनात आढळले. भिवंडीचा प्रयोग त्याहून आठ वर्षे जुना आहे, हे आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांत फारसे सांगितले जात नाही. मात्र दोहोंतला फरकही दृष्टिआड करता येणार नाही. बॉस्टनची योजना बंदूक बाळगणाऱ्या मोजक्या, ओळखीच्या तरुणांशी बोलत होती. भिवंडीची योजना बंदूक नसलेल्या संपूर्ण वस्तीशी बोलत होती.

व्यवस्था अधिकाऱ्याच्या मर्जीवर उभी असली की ती किती काळ टिकते, हे भिवंडीतच ५ जुलै २००६ रोजी दिसून आले. कोटरगेट भागात कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यास स्थानिक मुस्लिम रहिवाशांचा विरोध होता, जागेच्या मालकीचा वाद होता, आणि बांधकाम पुढे रेटले जात असताना जमाव चाल करून आला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले; त्यानंतर त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. येथे दोन समाज एकमेकांविरुद्ध नव्हते, एक समाज आणि पोलीस दल समोरासमोर होते, आणि नेमक्या अशा प्रसंगासाठी समितीची रचना झालेलीच नव्हती, कारण तिच्यात पोलीस हा मध्यस्थ होता आणि मध्यस्थच वादी झाल्यावर दाद मागायची कोणाकडे हा प्रश्न अनुत्तरित होता. शिवाय वर्षानुवर्षांच्या बदल्यांत बैठका विरळ होत गेल्या की जुने सदस्य केवळ यादीपुरते उरतात. कल्याणात दुर्गाडी किल्ल्यावर देवीचे मंदिर आणि ईदगाह जवळजवळ आहेत आणि १९८० च्या दशकापासून बकरी ईदच्या दिवशी शिवसेनेचे घंटानाद आंदोलन होत आले आहे. तेथील तणाव दिनदर्शिकेप्रमाणे येतो, म्हणून बंदोबस्तही दिनदर्शिकेप्रमाणे लागतो. कोटरगेटसारखा दिनदर्शिकेबाहेरचा प्रसंग मात्र नेहमीच्या बंदोबस्ताच्या आवाक्यात येत नाही.

टोळीच्या बंदुकीची कथा याहून वेगळी आहे. उल्हासनगरात १९९० मध्ये घनश्याम आणि इंदर भटीजा या भावांचे दोन महिन्यांच्या अंतराने गोळ्या घालून खून झाले. दुसरा भाऊ पहिल्या खुनाचा साक्षीदार होता आणि त्याला पोलीस संरक्षण होते. पहिल्या खुनाच्या वर्षीच आमदार झालेले सुरेश उर्फ पप्पू कलानी यांना इंदर भटीजा खून प्रकरणात कल्याणच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २०१३ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. पोलीस पहाऱ्यातला साक्षीदार मारला जातो आणि निकाल यायला दोन दशके लागतात, अशा शहरात शेजाऱ्याने समितीच्या बैठकीत उठून टोळीविषयी बोलावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्या काळात ठाणे-डोंबिवलीकडील व्यावसायिकांना खंडणीसाठी धमकावणाऱ्या सुरेश मंचेकर याच्या टोळीचा शेवट २००३ मध्ये कोल्हापुरात ठाणे पोलिसांबरोबरच्या चकमकीत झाला. चकमक म्हणजे पोलिसांच्या अधिकृत निवेदनानुसार स्वसंरक्षणार्थ केलेला गोळीबार. त्या दशकांत ती मुंबई-ठाण्यात जणू कार्यपद्धतीच झाली होती. तिच्याखेरीज तडीपारी, म्हणजे गुंडाला ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर घालवण्याचा १९५१ च्या पोलीस कायद्यातला उपाय, आणि १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा ही साधने होती. या कोणत्याही साधनात नागरिकाला भूमिका नव्हती. त्याच्या वाट्याला फार तर वर्तमानपत्रातून दुसऱ्या दिवशी बातमी वाचणे आले.

दरम्यान बेकायदा शस्त्रांचा पुरवठा बदलला. ‘गावठी कट्टा’ म्हणून ओळखले जाणारे देशी बनावटीचे पिस्तूल मध्य प्रदेशातील बडवानी-खरगोन पट्ट्यातल्या सिकलीगर कारागिरांकडून किंवा बिहारातील मुंगेरहून येते. पूर्वी मोजक्या टोळ्यांपाशी असणारे शस्त्र त्यामुळे किरकोळ गुंडाच्याही खिशात पोचले. पोलीस जेव्हा असा कट्टा पकडतात तेव्हा तो बहुधा खबऱ्याच्या टिपेवरून पकडतात, वस्तीच्या सहकार्याने क्वचितच. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात, २००७ मध्ये, सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने लोकांनी गावातच तंटे मिटवण्याची कल्पना राज्यभर नेली, पण ती नावाप्रमाणेच गावासाठी होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेत घ्यायची की बाहेर ठेवायची यावरून तीन दशके ओढाताण झालेली २७ गावे धड गावही राहिली नाहीत आणि धड शहरही झाली नाहीत. भातशेतीच्या जागी तेथे इमारती उभ्या राहिल्या, गुंठ्याचा भाव गगनाला भिडला, सातबाऱ्यावरच्या नावांना वाढती किंमत आली आणि जमिनीच्या ताब्याचा वाद सोडवणारी विश्वासार्ह जागा मात्र कोठेही उरली नाही.

त्या २७ गावांपैकी द्वारली येथील जमिनीच्या वादातून २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना त्या आरोपाखाली अटक झाली. जखमींमध्ये शिवसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड होते आणि ते वाचले. राज्यात त्या वेळी हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात होते. मोहल्ला समितीची अख्खी कल्पना ज्या गृहीतकावर उभी होती ते असे की, पोलीस ठाणे ही दोन्ही पक्षांना सुरक्षित वाटणारी जागा असते आणि भांडणाऱ्यांना एका टेबलापाशी बसवले की हत्यार बाहेर पडत नाही. वस्तीच्या भीतीतून होणाऱ्या हिंसेबाबत भिवंडीने ते गृहीतक खरे करून दाखवले होते. जमिनीच्या नफ्यातून होणाऱ्या हिंसेबाबत ते हिललाईनच्या त्या दालनातच खोटे ठरले, आणि या दुसऱ्या हिंसेसाठी महाराष्ट्राने आजवर लोकसहभागाची कोणतीही योजना आखलेली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या विधानसभा निवडणुकीत कल्याण पूर्व मतदारसंघातून गणपत गायकवाड यांच्या पत्नी सुलभा गायकवाड भाजपच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या, आणि त्यांच्याविरुद्ध महेश गायकवाड अपक्ष म्हणून उभे होते.